मोडलेली वस्तू आणि दुरुस्तीचे मोल

मनुष्याच्या हातची प्रत्येक वस्तू एके दिवशी मोडणार, हे ठरलेलेच आहे. नांगराचा फाळ झिजतो, विहिरीवरच्या पंपाची मोटार जळते, भिंतीवरचे घड्याळ बंद पडते. वस्तू मोडण्यात वस्तूचा काही अपराध नसतो. परंतु ती मोडल्यावर आपण काय बोलतो, कोणाकडे बोट दाखवतो, कोणाशी घासाघीस करतो आणि शेवटी काय ठरवतो, यावरून आपल्या अंतःकरणातील पुष्कळ गोष्टी उघड होतात. म्हणून मोडलेल्या वस्तूचा प्रश्न केवळ हिशेबाचा आहे, असे जे समजतात त्यांनी थोडे थांबून विचार करावा, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत घडण्याजोगा एक प्रसंग घेऊ. तो कोणा एका मंडळीचा नव्हे. पुष्कळ ठिकाणच्या गोष्टी मिळून एक दाखला केला आहे, तरी कोणी तो आपल्यावर ओढून घेऊ नये. मंडळीने एक डिजिटल कॅमेरा विकत घेतला. त्यासाठी स्त्रियांनी रोजच्या स्वयंपाकातून मूठ मूठ धान्य बाजूला काढले, तरुणांनी सुगीच्या दिवसांत मजुरी करून पैसे दिले. बाप्तिस्मे, विवाह, सणाच्या सभा यांची छायाचित्रे त्याने निघू लागली. पुढे उपकारस्तुतीच्या सणाच्या दिवशी, छायाचित्रे काढण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले होते त्या तरुणाचा पाय अडखळला, आणि कॅमेरा अंगणातील दगडावाळूत पडला. भिंगाची नळी अर्धी बाहेर आलेली, ती आत जाईना की बाहेर येईना.

मग चौकशी सुरू झाली. एका दुकानदाराने कॅमेरा न उघडताच चार हजार रुपये सांगितले. दुसऱ्याने उघडून पाहिला आणि जुन्या कॅमेऱ्यातील भाग बसवून सात हजारांत करून देतो म्हणाला. तिसरे ठिकाण पुण्यास, कंपनीने नेमलेले; तेथे पंधरा हजार व वर कर असा आकडा मिळाला, आणि काम करून घेतले नाही तरी तपासणीचे पाचशे रुपये द्यावेच लागतील असे कळले. हे आकडे मंडळीच्या सभेत वाचले जाताच चार मते उठली. कोणी म्हणाले, दुरुस्ती करणारे सगळे लुटारू आहेत. कोणी म्हणाले, टाकून द्या, नवा घ्या. कोणी म्हणाले, आता मोबाइलवर सर्व होते, कॅमेरा हवाच कशाला? आणि कोणी हळूच म्हणाले, ज्याने पाडला त्याने भरून द्यावे. हे शेवटचे वाक्य त्या तरुणाच्या कानी गेले, आणि पुढच्या दोन रविवारी तो उपासनेस आला नाही.

वाचकहो, या चारही मतांत थोडे थोडे सत्य आहे आणि थोडी थोडी घाई आहे. ती एकेक करून पाहू.

दुरुस्तीचा आकडा मोठा आहे, एवढ्यावरून सांगणारा लुटारू ठरतो काय? आधी त्या यंत्राचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. जुन्या फिल्मच्या कित्येक कॅमेऱ्यांत चाके व कमानी असत. घड्याळाच्या कामात ज्याचा हात बसला आहे असा मनुष्य पुष्कळ वेळा ते नीट करू शके. डिजिटल कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे प्रकाश टिपणारी एक चकती असते. बोटाच्या नखाएवढ्या त्या जागेत लक्षावधी प्रकाशबिंदू मावलेले असतात. भिंगे पुढेमागे सरकवणाऱ्या बारीक मोटारी असतात, आणि त्यांस जोडणारी तार फितीसारखी पातळ असते. वाळूचा एक कण दातेरी चाकात शिरला की नळी अडते. नळी उघडून पुन्हा बसवताना भिंग केसभर जरी तिरपे बसले, तरी छायाचित्राची एक बाजू अस्पष्ट येते. शिवाय झगझगीत उजेड पाडणाऱ्या दिव्याच्या मागे सुमारे तीनशे व्होल्टचा दाब साठवणारा भाग असतो. अडाणी हाताने उघडल्यास तो जबर धक्का देतो. म्हणून घरच्या घरी कोणी हा प्रयोग करू नये.

दुसरे कारण बाजाराचे आहे. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. तो साडेतीन किलोंहून अधिक वजनाचा होता, आणि एक चित्र नोंदवावयास त्यास तेवीस सेकंद लागत. तेथून वाढत वाढत २०१० साली जपानी उत्पादकांच्या संघाच्या मोजणीप्रमाणे जगभर बारा कोटींहून अधिक कॅमेरे रवाना झाले. नंतर मोबाइलमधील कॅमेरा सुधारला, आणि २०२० साली हाच आकडा एक कोटीच्या आत आला. कॅसिओने लहान कॅमेरे बनवणे २०१८ साली सोडले. ऑलिंपसने आपला कॅमेऱ्यांचा धंदा विकण्याचे २०२० साली जाहीर केले. ज्या वस्तू बनेनाशा झाल्या त्यांचे सुटे भाग कोठून मिळणार? पुष्कळदा एक लहान चाक मोडलेले असते, पण ते एकटे विकतच मिळत नाही. भिंगाचा सबंध संच घ्यावा लागतो. तात्पर्य, पंधरा हजारांचा आकडा हा कदाचित कोणाचाही लोभ नसून वस्तूच्या घडणीचा परिणाम असेल. कामकऱ्यास त्याचे वेतन मिळाले पाहिजे हे आपल्या प्रभूने स्वतः शिकवले आहे. ज्याने डोळे ताणून चार तास काम केले त्याचे वेतन आपणांस परवडत नाही, हे आपले दारिद्र्य आहे; त्याचे पाप नव्हे.

तपासणीचे पाचशे रुपये पुष्कळांस सर्वांत जास्त खुपतात. ‘काही केले नाही आणि पैसे कशाचे?’ परंतु काय बिघडले हे शोधून काढणे हेही काम आहे, आणि कधी कधी तेच अवघड काम असते. मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. तेव्हापासून आपल्या भागातील लोकांस हे ठाऊक आहे की, वैद्याने नाडी पाहून ‘या रोगास औषध नाही’ असे सांगितले, तरी त्याच्या ज्ञानाचा उपयोग झालाच. जो दुकानदार कॅमेरा न उघडता चार हजार सांगतो तो तपासणीचे काही घेत नाही खरे. परंतु त्याचा आकडा ज्ञानातून आलेला नाही, अंदाजातून आलेला आहे. पुढे तो वाढला तर आपण आश्चर्य करू नये.

तथापि दुरुस्तीच्या धंद्यात पाप नाही असे मी म्हणत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात खोट्या मापांचा व दुटप्पी वजनांचा निषेध आहे. बाजारातील तराजू निदान डोळ्यांसमोर टांगलेला असे. दुरुस्तीच्या दुकानातील तराजू कारागिराच्या मस्तकात असतो. कोणते पारडे किती खाली गेले हे गिऱ्हाइकास दिसत नाही. म्हणून देवासमोर त्याची जबाबदारी दाणेवाल्याहून अधिक आहे. जुना भाग बसवून नव्याचे पैसे घेणे, जे बिघडलेच नव्हते ते बदलल्याचे सांगणे, काढलेला भाग परत न देणे, ही दुटप्पी वजनेच होत. देशाच्या कायद्यानेही येथे हात दिला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे विकलेल्या वस्तूची किंवा केलेल्या सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा समजली जाते. तेव्हा पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. प्रामाणिक कारागिरास पावतीने काहीच तोटा होत नाही.

आता दुसरे पारडे पाहू. कारागिराने खरे बोलावे अशी अपेक्षा करणारे आपण स्वतः त्याच्याशी खरे बोलतो काय? सांगलीस कृष्णेचा महापूर २००५ साली आला, २०१९ साली आला आणि २०२१ साली पुन्हा आला. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा पुरात भिजलेले यंत्र वाळवले म्हणजे कधी कधी चालूही होते. परंतु गाळ व क्षार आतील जोडांवर राहून हळूहळू त्यांस खातात, आणि काही महिन्यांनी ते यंत्र अचानक मरते. असे यंत्र दुरुस्तीस नेताना कित्येक लोक पाण्याची गोष्ट दडवतात, किंवा पडलेली वस्तू ‘आपोआप बंद पडली’ असे सांगतात. हमीच्या मुदतीत फुकट काम व्हावे हा हेतू असतो, किंवा नुसती लाज असते. परिणाम असा होतो की, कारागीर चुकीच्या जागी शोधत बसतो, त्याचा वेळ जातो, आणि त्याचा पहिला आकडा खोटा ठरतो. मग आपण त्यालाच लबाड म्हणतो. हा अन्याय आहे.

अलीशा संदेष्ट्याच्या शिष्याची गोष्ट या ठिकाणी मला फार बोधप्रद वाटते. यार्देनेच्या काठी लाकडे तोडताना त्याच्या कुऱ्हाडीचे लोखंड पाण्यात पडले. ते दुसऱ्याचे, मागून आणलेले होते, म्हणून तो कळवळून ओरडला. देवाच्या मनुष्याने त्यास निष्काळजी म्हणून रागे भरल्याचे लिहिलेले नाही. ते कोठे पडले एवढेच त्याने विचारले, आणि शिष्याने जागा दाखवली. तरंगलेल्या लोखंडाचा चमत्कार आपण नेहमी सांगतो. परंतु त्याच्या आधीचे हे दोन साधे व्यवहारही विसरू नयेत. एकाने दोष न देता विचारले, दुसऱ्याने न लपवता दाखवले. दुरुस्ती लोखंडाची असो वा काचेची, तिचा आरंभ येथूनच होतो.

आता सर्वांत नाजूक प्रश्न: भरून कोणी द्यावे? मोशेच्या नियमशास्त्रात, निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात, याविषयी जो नियम आहे तो न्यायाचा किती बारीक विचार करतो पाहा. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या जनावरास मालक जवळ नसताना इजा झाली, तर आणणाऱ्याने भरून द्यावे; पण मालक त्या वेळी बरोबर असेल, तर भरून देण्याची गरज नाही. हा भेद का केला? माझ्या समजुतीप्रमाणे कारण असे की, मालक समोर असता काम त्याच्या नजरेखाली चालले होते, धोकाही त्यास दिसत होता आणि त्यास तो मान्य होता.

हा नियम आपल्या दाखल्यास लावून पाहा. त्या तरुणाने कॅमेरा स्वतःच्या हौसेसाठी मागून नेला नव्हता. मंडळीने त्यास काम सांगितले, मंडळीच्या सणात, मंडळीच्या देखत, मंडळीसाठी तो धावत होता. मालक तेथे हजर होता. मालक म्हणजे तो सारा जनसमुदाय. त्याने मुद्दाम किंवा बेपर्वाईने पाडला असता तर गोष्ट निराळी होती. परंतु सेवा करताना जे नुकसान होते ते सेवकाच्या माथी मारावयाचे, असा पायंडा पडला तर उद्या सेवेस कोण पुढे येईल? पेटी वाजवणारा पेटीस हात लावणार नाही, सतरंज्या वाहणारा घरी बसेल. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, हे नुकसान मंडळीचे आहे आणि मंडळीनेच ते सोसावे. पाळकाने व पंचांनी त्या तरुणाच्या घरी जाऊन हे त्यास सांगावे. तो येण्याची वाट पाहत बसू नये. कॅमेऱ्याची दुरुस्ती चार महिन्यांनी झाली तरी चालेल, ही दुरुस्ती त्याच आठवड्यात झाली पाहिजे.

मग कॅमेरा नीट करावा की नाही? येथे एक विचार मनास फार ओढतो: मूठ मूठ धान्याचे ते पैसे वाया कसे जाऊ द्यावेत? भावना चांगली आहे, पण तिच्यात एक गैरसमज आहे. ज्या विधवेने मंदिराच्या भांडारात दोन लहान नाणी टाकली, तिची गोष्ट आठवा. इ. स. ७० साली रोमी सैन्याने ते मंदिर जमीनदोस्त केले. तिचे दान वाया गेले काय? ते प्रभूने त्याच दिवशी पाहिले आणि मान्य केले. दगड पडले तेव्हा ते पडले नाही. त्याप्रमाणेच आपल्या बहिणींचे धान्य कॅमेऱ्यात साठून राहिलेले नाही. ते दिले त्या दिवशीच पोहोचले आहे. म्हणून गेलेला पैसा वाचवण्याच्या नावाखाली नवा पैसा घालवू नये. पुढे किती लागणार आणि त्यातून पुढे किती सेवा होणार, एवढेच तोलावे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, असे प्रभूने सांगितले ते पुढच्या खर्चाविषयीच होय.

तोलताना गरज कोणती हे प्रामाणिकपणे विचारावे. मंडळीच्या नोंदीसाठी एक स्वच्छ छायाचित्र हवे असेल, तर कोणा सभासदाचा मोबाइल पुरेल. दूर उभे राहून अंधाऱ्या प्रार्थनालयात चित्रे घ्यावयाची असतील, किंवा त्यावर एखादा तरुण चार पैसे मिळवून पोट भरत असेल, तर कॅमेऱ्याची गरज खरी आहे. तेव्हा दुरुस्तीचा व चांगल्या स्थितीतील जुन्या कॅमेऱ्याचा भाव शेजारी शेजारी मांडून पाहावा. शेजारच्या मंडळीकडे आहे म्हणून आपल्याकडे हवा, ही गरज नव्हे. ती हौस आहे, आणि हौसेचे पैसे धान्याच्या मुठीतून घेऊ नयेत.

योआश राजाच्या काळी मंदिराची मोडतोड दुरुस्त करावयाची होती. याजकांकडे पैसा येत असे, परंतु राजाच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत काम झाले नाही. तेव्हा यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणास भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पैसा जमला की राजाचा लेखक व मुख्य याजक असे दोघे मिळून तो मोजत, आणि तो कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. ते सुतारांस व गवंड्यांस वेतन देत. त्या पैशातून सोन्यारुप्याची पात्रे केली नाहीत; आधी दुरुस्ती, मग शोभा. आणि ज्यांच्या हाती कामाचा पैसा दिला त्यांच्याकडे हिशेब मागितला नाही, कारण ते सचोटीने वागत होते. येथे दोन गोष्टी एकत्र नांदतात. पेटीपाशी एकट्याचा हात नाही, दोघांची मोजणी आहे. आणि कामगारापाशी संशय नाही, विश्वास आहे. आपण पुष्कळदा उलट करतो. पेटीचा हिशेब कोणी विचारला तर राग येतो, आणि गरीब कारागिराकडे मात्र पै न् पैचा जाब मागतो.

आपल्या गावगाड्यात पूर्वी दुरुस्तीचा आकडा सांगण्याची रीतच नव्हती. लोहार व सुतार वर्षभर औते नीट करीत, आणि खळ्यावर त्यांस बलुते मिळे. त्या रीतीत एक चांगली गोष्ट होती: वस्तू टिकली तर कारागिराचेच श्रम वाचत, म्हणून तो ती टिकाऊ करी. परंतु तिची आठवण काढताना तिच्यातील अन्यायही विसरू नये. आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांस जन्मामुळे हलकी ठरवलेली कामे करावी लागत, आणि मोबदला मिळे तो दुसऱ्याच्या मर्जीने. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तो उगाच नव्हे. ज्यांच्या आजोबांनी वेतनावाचून श्रम केले, त्यांनी तरी दुसऱ्याच्या श्रमाचे मोल पाडून मागू नये.

दुरुस्तीचे काम कमी दर्जाचे आहे असेही कोणी समजू नये. मिरजेची तंतुवाद्ये आज जगभर जातात. तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही कला कोठून आली? शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकात गवयांची मोडलेली वाद्ये नीट करता करता नवी घडवण्यास आरंभ केला, असे सांगतात. शस्त्रांचे दिवस सरले, हात रिकामा झाला, तो मोडलेल्या सतारीस लागला, आणि एका नगरीस कीर्ती मिळाली. आज आपल्या मंडळ्यांत शिकून बसलेले पुष्कळ तरुण आहेत. पंप, मोबाइल, कॅमेरे नीट करण्याची विद्या त्यांनी शिकावी. भारत सरकारनेही दुरुस्तीच्या हक्काविषयी २०२२ च्या जुलैत समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला या हक्काची माहिती देणारे संकेतस्थळ सुरू केले. उत्पादकांनी सुटे भाग व माहिती खुली करावी, ही मागणी न्यायाची आहे. ज्या गावात एक प्रामाणिक कारागीर बसतो, त्या गावात सुवार्तेची एक साक्ष रोज उघडी राहते.

आणि जे खरोखर दुरुस्त होण्यापलीकडे गेले, ते ओढ्यात फेकू नये, शेकोटीत जाळू नये. त्यातील बॅटरी पेट घेते, आणि जोडकामातील विषारी धातू माती-पाण्यात उतरतात. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्याव्यात. पृथ्वी परमेश्वराची आहे असे आपण कबूल करतो. तेव्हा आपली मोडतोड त्याच्या अंगणात टाकणे शोभत नाही.

तात्पर्य एवढेच. वस्तू मोडली तर आधी माणूस सांभाळावा. कसे मोडले ते कारागिरास खरे सांगावे. तपासणीचे मोल आनंदाने द्यावे, पावती मागावी, काढलेला भाग परत घ्यावा. गेलेल्या पैशाचे दुःख न करता पुढची सेवा तोलावी, आणि निर्णय दोघातिघांनी मिळून, उघडपणे, मंडळीसमोर करावा. मग कॅमेरा नीट झाला तर देवाची स्तुती करावी, आणि न झाला तरीही करावी. कारण ज्याच्या हातून आपण सर्व मोडलेले असे नीट होत आहोत, त्याने दुरुस्तीचे मोल पाहून आपणांस कधीच टाकून दिले नाही.